कृपया बटण बंद करू नये

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाच्या मुलाला तीन साहेब असतात. कॉलेज म्हणतं, सबमिशन पूर्ण कर. इंटर्नशिपवाली कंपनी म्हणते, सकाळी दहाच्या मीटिंगला कॅमेरा चालू ठेव. घर म्हणतं, आधी दळण टाकून ये. एवढ्यावर माझं भागेना, म्हणून मी चौथा साहेब घरी आणून बसवला. टीव्हीखालच्या शोकेसमध्ये, आजीच्या पोथ्यांशेजारी तो चोवीस तास जागा असतो. त्याला सर्व्हर म्हणतात.

नाव ऐकून काचेची गार खोली आणि लुकलुकणारे निळे दिवे डोळ्यांसमोर आणू नका. हा बाबांचा निवृत्तीआधीचा लॅपटॉप. एक बिजागरी तुटलेली, कीबोर्डवरचं एक बटण उडालेलं, पण धुगधुगी शाबूत. भंगारवाल्याने त्याचे जे पैसे सांगितले, त्यात दोघांची मिसळसुद्धा झाली नसती. मी त्यावर डेबियन टाकलं, मग डॉकर टाकलं आणि एकेक बिऱ्हाड बसवत गेलो. फोटोंसाठी इमिच, कीर्तनं आणि गाण्यांसाठी जेलीफिन, जाहिराती अडवायला पाय-होल.

खरं तर मला जुन्या बाजारातून डेस्कटॉप आणायचा होता. पण बाबांचं आयुष्य बँकेत गेलं. त्यांनी कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर हिशोब मांडला : 70 वॉट, 24 तास, 30 दिवस, म्हणजे महिन्याला 50 युनिट. आमचं बिल आधीच शंभर युनिटच्या वेशीवर घुटमळतं आणि वेस ओलांडली की दर चढतो. लॅपटॉप 15 वॉटवर भागवतो, म्हणजे महिन्याला 11 युनिटच्या आत. वर स्वतःची बॅटरी असल्यामुळे यूपीएसचा खर्च नाही. प्रस्ताव मंजूर झाला. कॉलेजात याला कपॅसिटी प्लॅनिंग म्हणतात आणि त्यावर टीप लिहायला सांगतात. बाबांनी ती पेन्सिलीने चार ओळींत लिहिली.

पहिलं गिऱ्हाईक आई. गुगल फोटोजवरची अमर्याद फुकट साठवण 1 जून 2021ला संपली आणि नवे फोटो 15 जीबीत मोजले जाऊ लागले. आईच्या फोटोंत बारसं आहे, मुंज आहे, पाच दिवसांचे गणपती आहेत. पण निम्म्याहून जास्त जागा गुलाबावर ‘शुभ सकाळ’ लिहिलेल्या चित्रांनी अडवली आहे. काढून टाकू का विचारलं, तर म्हणाली, ‘असू दे रे, लागतात.’ तेव्हा मुंजीइतक्याच इतमामाने गुलाबही सर्व्हरवर गेले. इमिच चेहरे ओळखून माणसांचे गट पाडतं. पहिल्याच रात्री त्याने आई आणि तिच्याहून बरीच धाकटी मावशी ही एकच बाई ठरवली. त्या दिवसापासून आई सर्व्हरची खंदी समर्थक आहे. मावशीने मात्र ‘त्याला म्हणावं, ते मशीन आधी नीट कर’ असा निरोप धाडला. दोन माणसं वेगळी करायची सोय इमिचमध्ये आहे. आई ती वापरू देत नाही.

पाय-होलचं काम सोसायटीच्या वॉचमनसारखं. फोनने एखाद्या वेबसाइटचा पत्ता विचारला की त्याने यादी बघायची आणि जाहिरातवाल्याचा पत्ता असेल तर ‘असं कोणी इथे राहत नाही’ म्हणून वाटेला लावायचं. जाहिराती गेल्या, पानं चटाचटा उघडू लागली. पण बाबांना काहीही शोधलं की सगळ्यात वरची लिंक दाबायची सवय, आणि वरची लिंक बहुतेक वेळा पैसे मोजून वर आलेली. ती उघडेना. मी त्यांना ही पत्ते विचारायची पद्धत, म्हणजे डीएनएस, साग्रसंगीत समजावली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘म्हणजे मी गिझर बघायचा की नाही?’ बाबांचा फोन आता त्या यादीच्या कक्षेबाहेर आहे. काहीही बिघडलं तरी दोष शेवटी डीएनएसचाच निघतो, असं सर्व्हर सांभाळणारी मंडळी जगभर म्हणतात. आमच्याकडे तो सुरुवातीलाच निघतो आणि माझ्या नावावर जमा होतो.

इकडे कॉलेजात क्लाउड कॉम्प्युटिंग शिकवतात. अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेने 2011 साली क्लाउडची व्याख्या करून ठेवली आहे : पाच वैशिष्ट्यं, तीन सेवाप्रकार, चार उभारणीप्रकार. पाच-तीन-चार तोंडपाठ असलं की इनसेम परीक्षा तरून जाता येते. जर्नल मात्र हातानेच लिहायचं, आकृती डाव्या पानावर, तीही पेन्सिलीने. रात्री घरच्या सर्व्हरच्या यामल फाइलमध्ये जे चार ओळींत उरकलं, ते सकाळी मी समास सोडून दीड पानभर लिहितो. यामलमध्ये दोन स्पेस इकडच्या तिकडे झाल्या तर सर्व्हर उठत नाही. जर्नलवर सही नसेल तर परीक्षेला बसता येत नाही. या उठण्या-बसण्यात सेमिस्टर जातं. ओरलला बाहेरून आलेल्या सरांनी प्रायव्हेट क्लाउडचं उदाहरण विचारलं. मी म्हणालो, ‘आमच्या घरी टीव्हीखाली आहे, सर.’ त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाले, ‘पुस्तकातलं सांगा.’

कंपनीची तऱ्हा निराळी. तिथला सर्व्हर कुणी डोळ्यांनी पाहिलेला नाही. तो मुंबईत आहे की हैदराबादला, यावर दोन सीनियरांचं एकमत नाही. काही अडलं की तिकीट काढायचं, तिकिटाला प्राधान्य लावायचं आणि ते शेजारच्या टीमकडे सरकवायचं. रीस्टार्ट करायचा अधिकार इंटर्नला नाही. स्टायपेंडमध्ये बसचा पास आणि चहा निघतो, क्रीमरोल निघत नाही. मुलाखतीत मला ‘प्रॉडक्शनचा अनुभव आहे का?’ असं विचारलं होतं. मी घरचं सांगायला लागलो, तर म्हणाले, ‘तसं नाही, खरं प्रॉडक्शन.’

आता खरं-खोटं तुम्हीच ठरवा. पुण्यात गुरुवार हा देखभाल-दुरुस्तीसाठी वीज जायचा वार. अशाच एका गुरुवारी वीज गेली. लॅपटॉप बॅटरीवर तगला, राउटरने मान टाकली. वीज आली तेव्हा राउटर उठला, पण जेलीफिन रुसून बसलं. मी वर्गात शेवटच्या बाकावर होतो आणि फळ्यावर ‘हाय अव्हेलेबिलिटी’ चालू होतं. वर्षभरात 99.999 टक्के वेळ सेवा चालू, म्हणजे बंद राहायला जेमतेम सव्वापाच मिनिटं, असं सर सांगत असताना खिशात फोन थरथरला. आजी! तिचं तिकीट एका ओळीचं असतं : ‘अरे, कीर्तन थांबलं.’ त्याला प्राधान्य लावावं लागत नाही.

कॉलेजातून घरच्या सर्व्हरपर्यंत पोचणं हाही एक वनवास. आयपी पत्त्यांची जुनी पद्धत 32 बिटांची. सगळे मिळून पत्ते सुमारे 429 कोटी, आणि जगात फोनच त्याहून जास्त. म्हणून इंटरनेट पुरवणारे अनेक घरं एकाच पत्त्यामागे कोंबतात. आतला माणूस बाहेर जाऊ शकतो, बाहेरच्याला नेमकं घर सापडत नाही. त्यावर उतारा म्हणून मी टेलस्केलचा बोगदा खणून ठेवला होता. बाकाखाली फोन धरून आत शिरलो, जेलीफिन पुन्हा सुरू केलं, आजीचं कीर्तन मार्गी लागलं. समजा दर गुरुवारी चार तास वीज गेली, तर वर्षाचे 208 तास होतात, म्हणजे सेवा 97.6 टक्के. पाच नऊ राहू द्या, आम्हाला एकच नऊ परवडतो. पुढच्या महिन्यात बाबांनी आपणहून राउटरसाठी छोटा यूपीएस आणला. कीर्तन पुरं होईपर्यंत आजी घरात कुणाला टीव्ही लावू देत नाही, म्हणून ते मध्येच बंद पडलं की बाबांना बातम्याही मिळत नाहीत.

एवढं होऊनही ‘याचा उपयोग काय?’ हा प्रश्न अधूनमधून ताटावर येतोच. मी एकदा लिनस टोरवाल्ड्सचा दाखला दिला. हेलसिंकीचा 21 वर्षांचा विद्यार्थी, त्याने 1991 साली छंद म्हणून लिनक्सचं काम जाहीर केलं आणि आज निम्मं जग त्यावर उभं आहे. बाबांनी जेवण झाल्यावर फोनवर वाचून पाहिलं. ‘1988ला विद्यापीठात गेला, पदवी पूर्ण झाली 1996ला. इतकी वर्षं फी भरणार नाही मी.’ गुगलवाल्या दोघांनी पीएचडी अर्धवट सोडल्याचं मी मग बोललोच नाही.

टिम बर्नर्स-ली यांच्या पहिल्या वेब सर्व्हरवर, तिकडे सर्न प्रयोगशाळेत, लाल शाईने हाती लिहिलेली चिठ्ठी होती : हे यंत्र सर्व्हर आहे, बंद करू नका. तो आदर्श ठेवून मीही बोर्डाजवळ चिठ्ठी लावली : ‘कृपया बटण बंद करू नये.’ वर्षभर ती सगळ्यांनी पाळली. दिवाळीत आकाशकंदिलाला सॉकेट कमी पडलं, तेव्हा बाबांनी बटणाला हातही लावला नाही. त्यांनी सरळ प्लग उपसला. चिठ्ठीचा मान राहिला.

या धबडग्यात कॉलेज आणि कंपनी दोघांनीही न विचारलेली एकच गोष्ट मी मनावर घेतली : बॅकअप. नियम साधा आहे. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या गावी. आमचं दुसरं गाव सांगली. मामा तिसऱ्या मजल्यावर राहतो, आणि 2019च्या पुरानंतर हे विचारून घ्यावं लागतं. हार्ड डिस्क मामीच्या कपाटात पैठणीच्या घडीत असते. गणपतीत मामा आला की जुनी डिस्क घेऊन येतो आणि नवी घेऊन जातो. मामीला आत काय आहे ते ठाऊक नाही. आईचं आहे म्हटल्यावर ती सोन्यासारखं जपते.

बंद पडल्यावर ज्याच्या नावाने घरातून हाक येते, ते प्रॉडक्शन. बाकी सगळी प्रात्यक्षिकं. तुमच्याही घरात असा एखादा मुलगा किंवा मुलगी कोपऱ्यात वायरी पसरून बसली असेल, तर उपयोग विचारू नका. घरच्या फोटोंची दुसरी प्रत कोणत्या गावी आहे, एवढं विचारा. उत्तर आलं तर नोकरीची काळजी सोडा. नाही आलं, तर ओरडण्याआधी एक हार्ड डिस्क आणून द्या.