केबिनवाटप : कर्त्या माणसासाठी मार्गदर्शिका

बोट जवळपास भरली आहे, एजंटकडे चारच केबिन उरल्यात आणि घरातून निघणारी माणसं अकरा आहेत, अशा वेळी ही मार्गदर्शिका काढून वाचावी. दिवाळीच्या सुट्टीचं बुकिंग नवरात्र संपल्यावर करणाऱ्या पनवेलकरांवर दुसरी कुठली वेळ सहसा येतच नाही.

आधी जहाज समजून घ्यावं. मुंबईहून गोवा-लक्षद्वीपकडे जाणारी कॉर्डेलिया कंपनीची ‘एम्प्रेस’ १९९० साली ‘नॉर्डिक एम्प्रेस’ या नावाने सेवेत आली. २०२१ पासून ती आपल्याकडे फिरते. तिच्यावर सुमारे ८०० केबिन आहेत. हा आकडा घरात फोडू नये. ‘आठशेतून आपल्याला शेजारशेजारच्या चार मिळेनात?’ असं थोरले काका विचारतील, आणि या प्रश्नाला उत्तर नाही. भाऊच्या धक्क्यावरून कोकणात जाणाऱ्या जुन्या बोटींवर डेकवर वळकटी टाकली की वाटप संपायचं, हेही तेच सांगतील. ऐकून घ्यावं.

आता खरा पेच. रोज हार्बर लोकलने जाणाऱ्याला चौथी सीट हा जन्मसिद्ध हक्क वाटतो. तिघांना ‘जरा सरका’ म्हटलं की झालं. केबिनमध्येही भिंतीत मिटवलेला वरचा बर्थ दिसतो, तरी एजंट ‘इथे दोघंच’ म्हणतो. त्याच्याशी भांडू नये. संकटाच्या वेळी कोणत्या केबिनने कुठे जमायचं आणि कोणत्या जीवरक्षक बोटीत चढायचं हे आधीच ठरलेलं असतं. तिथली जागा भरली की बर्थ रिकामा असूनही भिंतीतच राहतो. १९१२ मध्ये टायटॅनिक बुडाली, १९१४ मध्ये ‘सोलास’ हा समुद्री सुरक्षेचा करार झाला, त्यातून ही मोजदाद आली. १७ जुलै १९४७ ला रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडालेली ज्या किनाऱ्याने पाहिली, त्याने तरी याला सरकारी खुसपट म्हणू नये. तान्हं मूलही मोजतात. ‘तो माझ्याच कुशीत झोपतो’ हा युक्तिवाद चालत नाही.

तर हाती आलं काय? एक दोघांची केबिन, खिडकीवाली. बाकी तीन तिघांच्या, आतल्या, बिनखिडकीच्या. बेरीज बरोबर अकरा. गणित इथे सुटतं आणि मानपान सुरू होतो.

आत्या एकटी आहे. एकटीला वेगळी केबिन म्हणजे बहुधा दोघांचं भाडं, म्हणून तिला आजी-आजोबांकडे द्यावं. ती घोरते, पण आजोबा रात्री कानातलं यंत्र काढून ठेवतात आणि आजीला पन्नास वर्षांचा सराव आहे. तुमची दोन मुलं वेगळी करावीत, एक तुमच्याकडे, एक काका-काकूंकडे. खिडकी उरते नवदांपत्याला. हे कोणीही उघड म्हणू नये.

कारण आजोबा म्हणतील, ‘मला कशाला खिडकी? बाहेर पाणीच तर आहे.’ याचा अर्थ त्यांना खिडकी हवी आहे. अशा वेळी जहाजाचा नकाशा टेबलावर पसरावा आणि विज्ञानाला पुढे करावं. खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मधोमध असलेली केबिन सगळ्यांत कमी हलते, आणि हे अगदी खरं आहे. काही खिडक्यांसमोर जीवरक्षक बोट टांगलेली असते, हेही खरं आहे. तुमच्या खिडकीसमोर ती आहे की नाही, हे आजोबांनी विचारल्याशिवाय सांगू नये. त्याच नकाशात केबिनच्या वर-खाली थिएटर किंवा स्वयंपाकघर तर नाही ना, तेही पाहून घ्यावं. ते काकूंसाठी.

‘गॅरंटी केबिन’ स्वस्त असते, कारण नंबर कंपनी मागाहून देते. त्यात काका एका टोकाला आणि तुम्ही दुसऱ्या टोकाला जाऊ शकता. कोणत्या कुटुंबाने हा धोका पत्करावा आणि कोणत्या कुटुंबाने तो मुद्दाम विकत घ्यावा, हे ज्याचं त्याने ठरवावं.

बोट सुटते त्या बॅलार्ड पिअरला अटल सेतूवरून जावं. वाशीवरून जाण्याचा काकांचा आग्रह मोडून काढावा, कारण चेक-इन बंद झालं की चारही केबिनचा प्रश्न एकदम मिटतो.

पहिल्याच संध्याकाळी अकराच्या अकरा माणसं खिडकीवाल्या केबिनमध्ये पलंगावर मांड्या घालून बसलेली आढळतील. त्यांना उठवू नये. नवदांपत्याला तेवढं डेकवर फिरायला पाठवावं.