उभ्याने युरोप, आडव्याने मालवण

ऐकलंत की नाही? आमच्या वाडीतल्या एक काकी, वय पासष्टीच्या पलीकडे, गुडघ्याला पट्टा, तुळशीला पाणी घालायला अंगणात उतरायचं तरी भिंतीला हात लावणाऱ्या, बुडापेस्टला लेकाकडे गेल्या आणि दोन चाकांच्या एका यंत्रावर उभ्या राहून गावभर हिंडल्या! बरं, साडी नव्हती अंगावर. सुनेची पॅन्ट चढवली होती. डोक्यावर हेल्मेट, गळ्यात मंगळसूत्र, मागे डॅन्यूब नदी. फोटो सकाळी सकाळी वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडला आणि घरोघरी चहा निवला. "गे बाय माझे, ही आपली काकीच मां?" "शिरा पडो त्या पोराच्या बुद्धीर, आवशीक मारूचा हा काय?" एकाने फोटो मोठा करून पाहिला आणि खात्रीने सांगितलं की काकी खाली बघताहेत, म्हणजे घाबरल्यात. दुसऱ्याचं म्हणणं, घाबरलेला माणूस असं हसत नाही.

ज्यांना हे प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. त्या यंत्राला सेगवे म्हणतात. दोन चाकं शेजारी शेजारी, मध्ये उभं राहायला फळी, समोर एक दांडा आणि त्याला धरायची मूठ. ब्रेक नाही, ॲक्सिलरेटर नाही. तुम्ही पुढे झुकलात की ते पुढे जातं, मागे रेललात की थांबतं. आत जायरोस्कोप असतात, ते तुमचा तोल क्षणोक्षणी मोजून चाकं फिरवतात. युरोपातल्या जुन्या शहरांत अशी आठ-दहा माणसं एका गाइडच्या मागे ओळीने, गंभीर चेहऱ्याने, जमिनीपासून वीतभर उंचावरून सरकत असतात. चर्च येतं, गाइड हात वर करतो, ओळ थांबते. गाइड सनावळी सांगतो. ओळ पुन्हा सरकते. चालणारे लोक बाजूला होऊन बघत राहतात, चर्चकडे नव्हे, ओळीकडे.

आणि याचा जन्म केवढ्या थाटात झाला होता! डीन केमन नावाच्या अमेरिकन संशोधकाने ३ डिसेंबर २००१ रोजी टीव्हीवर पडदा उघडून हे यंत्र दाखवलं. त्याआधी वर्षभर नुसत्या वावड्या. म्हणे आता शहरं नव्याने बांधावी लागतील, म्हणे मोटारी जातील. किंमत साधारण पाच हजार डॉलर. शहरं काही कुणी नव्याने बांधली नाहीत. २००३ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष धाकटे बुश त्यावर चढताच खाली आले आणि फोटोवाले समोरच होते. पुढे कंपनी विकत घेणारे ब्रिटिश उद्योगपती जिमी हेसेल्डन २०१० मध्ये यॉर्कशायरमध्ये सेगवेवरूनच कड्याखाली गेले आणि वारले. २०१५ ला बीजिंगमध्ये उसेन बोल्ट शर्यत जिंकून मिरवत होता, त्याला मागून सेगवेवरच्या कॅमेरामनने आडवा केला. जगातला सगळ्यात वेगवान माणूस, आणि त्याला गाठलं कुणी, तर या ठेल्याने! जुलै २०२० मध्ये मूळ यंत्राचं उत्पादन बंद झालं. जवळपास वीस वर्षांत खपली ती जेमतेम १ लाख ४० हजार. आपल्याकडे २०२१ मध्ये मुंबई पोलिसांना समुद्रकिनारी गस्तीला तशीच तोल सांभाळणारी वाहनं मिळाली, तेव्हा आमच्या घरातले म्हणाले, चोर पळाला तर हवालदार पुढे झुकणार की मागे?

थोडक्यात, ज्या यंत्राने नोकरदार ऑफिसला जाणार होते, ते शेवटी उरलं मॉलच्या रखवालदारांना आणि पर्यटकांना. प्राग शहराने तर २०१६ मध्ये हात टेकले आणि जुन्या भागात सेगवेला बंदी घातली. १९९२ पासून युनेस्कोच्या यादीत असलेलं शहर ते, दगडी फरसबंदीचे अरुंद रस्ते, त्यात हे झुंडीने सरकणारे. तिथल्या म्हाताऱ्यांनी पुष्कळ आरडाओरड केली होती म्हणतात. आपल्या म्हाताऱ्यांनी काय केलं? फळीवर चढल्या!

आता हसून झालं असेल तर जरा मालवणच्या जेट्टीवर या.

डिसेंबरची सकाळ, दहाचा सुमार. पुण्याची एक गाडी, कोल्हापूरच्या दोन, बेळगावची एक बस. बसमधून माणसं उतरायच्या आत चार पोरं चार बाजूंनी, "स्कुबा, स्कुबा, पॅरासेलिंग, बनाना, जेट स्की, कॉम्बो लावतो काका." किल्ला? सिंधुदुर्ग किल्ला समोर आहे, तो कुठे जात नाही. आधी स्कुबा. एका कुटुंबाचा भाव ठरतो, मोडतो, पुन्हा ठरतो, पाण्याखालचा व्हिडिओ फुकट या अटीवर सौदा पटतो. मग आजोबा, आजी, सूनबाई, नातू अशी सगळी वरात काळे घट्ट कपडे अंगात कोंबायला निघते. अहो, ज्या सासऱ्यांसमोर सूनबाईंनी बारा वर्षांत डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही, त्या सासऱ्यांच्या पाठीची चेन त्याच ओढून लावताना मी पाहिल्या आहेत. सासरेबुवा पोट आत घेऊन उभे. जेट्टीवरचा एकही माणूस दुसरीकडे बघत नव्हता.

स्कुबा खरं तर शिकायची विद्या. तारकर्लीला एमटीडीसीची, म्हणजे राज्याच्या पर्यटन महामंडळाची, संस्था आहे, तिथे रीतसर अभ्यासक्रम आहे, दाबाचं गणित आहे, परीक्षा आहे. जेट्टीवरचा स्कुबा वेगळा. होडीत बसल्या बसल्या पाच मिनिटांत धडे: नाकाने श्वास घ्यायचा नाही, तोंडाने घ्यायचा, कान दडले तर नाक दाबून फुंकायचं, आणि खुणा. या खुणांपाशी सगळा घोटाळा. पाण्याखाली 'ठीक आहे' म्हणायला अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ करायचं असतं. अंगठा वर केला तर त्याचा अर्थ 'मला वर न्या'. आता आयुष्यभर व्हॉट्सॲपवर अंगठा वर करणारा माणूस, खाली गेल्यावर रंगीत मासा दिसला की आनंदाने काय करणार? अंगठा वर! पाठीमागे सिलिंडर धरून असलेला पोरगा इमानदारीत त्याला वर आणतो. तोंडातली नळी काढून काका ओरडतात, "अरे, छान होतं म्हटलं!" पुन्हा खाली. पुन्हा मासा. पुन्हा अंगठा.

माशांचंही ऐका. काळ्या पट्ट्यांचे ते चिमुकले मासे पर्यटक आले की झुंडीने जमतात, कारण गाइडच्या मुठीत पाव असतो. पाव कुस्करला की मासे तोंडाशी, मासे तोंडाशी आले की व्हिडिओ झकास. इथला समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, किल्ल्याभोवतीचं पाणी तर त्याच्या गाभ्यात मोडतं. तिथले मासे आता न्याहारीला पाव खातात आणि आम्ही मालवणी माणसं अजून आंबोळीवर. कोण सुधारलं, सांगा!

माझी खरी तक्रार मात्र वेगळीच आहे. सेगवेवरचा माणूस बघतो कुठे? पायाखाली आणि पुढच्याच्या पाठीकडे. पाण्यातला माणूस बघतो कुठे? कॅमेऱ्याकडे. बुडापेस्ट आणि प्रवाळ दोन्ही मागच्या पडद्यावर. बघायला म्हणून निघालेल्या माणसाने पैसे मोजून बघायचं सोडून बाकी सगळं करायचं, हा शोध युरोपने आधी लावला की मालवणने, यावर आमच्या कट्ट्यावर दोन तट आहेत.

आणि मग, ओल्या केसांनी, कानात पाणी घेऊन, मंडळी किल्ल्यावर जातात. होडीवाला सांगतो, एका तासात परत या. एक तास! २५ नोव्हेंबर १६६४ ला शिवाजी महाराजांनी मोरयाच्या धोंड्यापाशी पूजा करून कुरटे बेटावर जे काम सुरू केलं, ते हिरोजी इंदुलकरांनी तीन वर्षं खपून उभं केलं. पायात शिसं ओतलं. अठ्ठेचाळीस एकरांचं बेट, नागमोडी तट जवळजवळ तीन किलोमीटर. दरवाजा असा लपवलेला की अगदी जवळ जाईपर्यंत कळत नाही आत शिरायचं कुठून. खाऱ्या पाण्याच्या मधोमध दूधबाव, दहीबाव, साखरबाव, तिन्ही विहिरी गोड्या. महाराजांच्या हातापायाचे ठसे. राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वराचं मंदिर. किल्ल्यावर आजही माणसं राहतात, त्यांच्या दारात वाळत घातलेले कपडे असतात. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा म्हणून घेतले, त्यात आपला सिंधुदुर्ग आहे. म्हणजे आता आपण आणि प्राग एका पंगतीत. आणि पर्यटक काय विचारतो? "इथे खायला काय मिळतं?"

पंगतीत बसलो म्हटल्यावर आमच्या कट्ट्यावर पुढचं आपोआप आलं. आता कोणीतरी सेगवे आणणार! जेट्टीवर तीस गाड्या उभ्या, "उभ्या उभ्या किल्ला, जीएसटीसकट." जांभ्याच्या खडबडीत पायऱ्यांवर त्या चढणार कशा, याची कुणाला चिंता नाही. होडीतून उतरवणार कोण, यावर मात्र दोन भावांत आताच भांडण झालं, कारण हमालीचे पैसे कोण घेणार ते ठरायचंय. एकाने मुद्दा काढला की या गाडीला वजनाची अट असते, पंचेचाळीस किलोच्या खालच्याला चालत नाही. हलका माणूस मागे रेलला तरी ती थांबत नाही. कॉलेजातल्या पोरी बाद. दुसरा म्हणाला, वरची मर्यादा एकशे सतराच्या आसपास आहे. आमच्यातले दोघे-तिघे गप्प झाले.

एवढ्यात काकी परत आल्या. चिपीच्या विमानतळावर उतरल्या आणि संध्याकाळी सगळी वाडी त्यांच्या पडवीत. कुणी काही विचारायच्या आधीच त्यांनी तोंड उघडलं, "माझ्या फोटोर दोन दिवस गजाली केल्यात, म्हायत असा माका. मेल्यांनो, चलान बघूचा म्हटला असता तर माका एक पूलसुद्धा दिसलो नसतो. झिल आणि सून फिरली असती आणि मी बाकड्यार बसान त्यांच्यो पिशव्यो राखलंय असतंय."

पडवीत शांतता.

काकींना ठाऊक नाही, पण त्या केमनच्या अगदी मूळ मुद्द्यावर बोट ठेवून बसल्या होत्या. त्याने आधी बनवली होती ती व्हीलचेअर, आयबॉट नावाची, जी स्वतःचा तोल सांभाळून दोन चाकांवर उभी राहायची आणि पायऱ्याही चढायची. तीच युक्ती पुढे सेगवेत आली. म्हणजे चालता न येणाऱ्यासाठी काढलेलं डोकं चालता येणाऱ्यांनी पळवलं, आणि मग जगाने म्हटलं, काय हे खूळ! पासष्टीच्या बाईने ते परत घेतलं तर वाडी खवळली.

तेव्हापासून मला किल्ल्यावरचा एक तास वेगळ्या कारणाने खुपतो. धडधाकट माणसाला तो कमी. गुडघ्यावाल्याला मात्र शून्य, कारण तो होडीतून उतरतच नाही. हलत्या होडीतून धक्क्यावर पाय टाकायचा, मग दगड, मग वाळू. कितीतरी आजी-आजोबा नारळपाणी पीत जेट्टीवर बसून मंडळींची वाट बघतात. इथेच जन्मलेल्यांपैकीही कित्येकांनी शिवराजेश्वराला शेवटचा नमस्कार केला त्याला पंधरा पंधरा वर्षं झाली. सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा जाहीर झाला. त्यानंतर केळ्याच्या आकाराची रबरी बोट आली, आकाशात लटकवणारी छत्री आली, पाण्याखालचा पाव आला. धक्क्यावर आधाराला धरायचा एक भक्कम कठडा येवो, एवढं मी मागितलं तर कट्टा म्हणाला, "त्येचो व्हिडिओ कसो काढतलास?"

काकींची मात्र गाडी सुटलेली. आता त्यांना स्कुबा करायचाय. डॉक्टर नको म्हणतात, सून हो म्हणते, काका आठवडाभर बोलत नाहीत. वाडीत रोज नवा अहवाल येतो. मे सरत आला की हंगामच आटोपला, मेअखेर होड्या बंद, मग ऑगस्ट संपेपर्यंत समुद्राकडे फक्त बघायचं. त्यामुळे घाई आहे.

आणि हे कमी म्हणून की काय, आता निवतीजवळच्या समुद्रातल्या निवती रॉकचं आलंय. नौदलातून जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झालेली 'गुलदार' ही युद्धनौका तिथे समुद्राच्या तळाशी बसवायची, तिच्याभोवती प्रवाळ वाढू द्यायचं, पाण्याखालचं संग्रहालय करायचं आणि पर्यटकांना पाणबुडीतून ते दाखवायचं, असं सरकारने ठरवलंय. गुलदारचा जन्म पोलंडचा, १९८५ साली ती नौदलात आली. म्हणजे युरोप बघायला आता विमानाची गरज नाही, निवतीला बुडी मारली की झालं. ही बातमी कट्ट्यावर वाचून दाखवली तेव्हा पाणबुडीचं तिकीट किती, ज्येष्ठांना सवलत आहे का, आतून अंगठा दाखवला तर ती वर येते का, असे प्रश्न सुटले. एक म्हातारा तांडेल कोपऱ्यात बसून जाळं शिवत होता. त्याने सुई थांबवली.

"बोट बुडवूक सरकार खर्च करता? आमच्यो होडयो तर फुकटच बुडतत!"