हिरव्या खुणेचे काका

काकांनी सोसायटीचं सेक्रेटरीपद सोडलं, पण सोसायटीचे कागद सोडले नाहीत. सगळा पत्रव्यवहार स्कॅन करून त्यांनी वनड्राइव्हवर चढवला. फक्त फाइलीपुढे निळा ढग दिसला की त्यांचा जीव खालीवर होतो. ढग म्हणजे नाव तेवढं घरात, माल परक्याच्या गोदामात. डिस्कवरची जागा वाचावी म्हणून २०१७ साली विंडोजमध्ये आलेली ही सोय काकांना पहिल्यापासून कट वाटते.

त्यावर त्यांचा उतारा एकच. राइट क्लिक, ‘ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस’. भरीव हिरव्या गोलात पांढरी खूण उमटली की काका चहा मागतात. नुसत्या हिरव्या कडेच्या खुणेला ते मोजत नाहीत. तिची नोकरी टेंपररी.

बरेच दिवस न उघडलेल्या फाइली ‘स्टोरेज सेन्स’ परत ढगात धाडू शकतं, हे कानावर आल्यापासून दर रविवारी हजेरी असते. पाणीपट्टी, थकबाकीदार, लिफ्टवाल्याला धाडलेली नोटीस... एकेक उघडायची, नजर फिरवायची, मिटायची.

“काका, पक्क्या खुणेच्या फाइलींना तो नियम लागूच नाही,” भाच्यानं सांगून पाहिलं.

“नसेल. पण त्यांची विचारपूस करणारं कुणी आहे, हे कळलेलं बरं!”

एवढं सगळं घरात ठेवल्यावर डिस्क भरणारच. मग ‘फ्री अप स्पेस’ कुणावर चाललं? काकूंच्या फोटोंवर. नातवाचं बारसं ढगात गेलं, लिफ्टची नोटीस घरात राहिली. काकूंनी हे अजून माफ केलेलं नाही, आणि माझ्या मते करूही नये.

खरी परीक्षा कोकण रेल्वेत. करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा आला, रेंज गेली, की काका लॅपटॉप उघडतात. यंदाही थकबाकीदारांची यादी झटक्यात उघडली. समोरच्या प्रवाशाला त्यांनी तीन नंबरच्या फ्लॅटची बाकीसुद्धा दाखवली. तेवढ्यात टीसी आला. तिकिटाची पीडीएफ फोनवर होती. म्हणजे तिचं नाव फोनवर होतं. लॅपटॉपवर केलेली खूण फोनला लागू होत नाही, तिथे वेगळी करावी लागते.

“साहेब, जरा बोगदा संपू द्या,” काका म्हणाले.

काकूंनी पर्समधून घडी घातलेली प्रिंट काढून टीसीपुढे धरली. टीसी गेला. काका प्रिंटकडे बघत राहिले, मग म्हणाले, “दे इकडे. घरी गेल्यावर स्कॅन करून ठेवतो.”