‘करली’ म्हणणाऱ्या मुलाला ‘केली’ कसं शिकवावं

आधी मूल तीनेक वर्षांचं आहे ना, ते बघून घ्या. दोन वर्षांचं मूल ‘बाबा गेला’ असं बिनचूक बोलतं, पण त्यावर हुरळून जाऊ नका. ते नुसतं ऐकलेलं परत म्हणत असतं. नियम गवसला की एके दिवशी ते येऊन सांगतं, ‘आई, मी शू करली.’ आता तुमचं काम सुरू.

प्रथम चूक दाखवा. ‘करली नाही, केली.’ मुलाला यातलं ‘करली नाही’ एवढंच ऐकू येतं आणि आपल्याला खोटं ठरवताहेत म्हणून ते भडकतं. ‘करली! खरंच करली! चड्डी बघ!’ पुरावा ओला असल्याने वाद तिथेच संपतो. त्यापेक्षा ‘केलीस? कुठे केलीस?’ एवढं विचारणं बरं. बरोबर रूप कानावर पडतं, भांडण टळतं.

मग कारण समजावून सांगा. बस-बसला, पड-पडला, हस-हसला, तर कर-करला यात वावगं काय, याचं उत्तर मात्र आधी स्वतः शोधून ठेवा. ‘केला, गेला, मेला’ यांत संस्कृतातले कृत, गत, मृत प्राकृतातून झिजत झिजत आलेत, हे त्या तीन वर्षांच्या जिवाला सांगून पाहाच! खरं तर नियमाने तोच चाललाय, अपवाद घोकून बसलोय आपण. जीन बर्को यांनी १९५८ साली अमेरिकेत मुलांपुढे चक्क बनावट शब्द ठेवले, तर मुलांनी त्यांचेही भूतकाळ बेधडक करून दिले. घरी करून बघा. ‘काका रोज टुमतो. काल काका...?’ ‘टुमला!’

सांगितलं, मागितलं, घेतलं, धुतलं ही मंडळी आपापल्या वेळेने येतात. ‘पिलं’ की ‘प्यायलं’ हा विषय घरात काढू नका, तो मोठ्यांचाच मिटलेला नाही.

खरी गंमत डब्यापाशी. ‘मी डबा खाल्ला’, पण ‘मी डबा विसरलो’. डबा तोच, मीही तोच. क्रियापद आधी डब्याच्या मागे जातं, नंतर माझ्या. का, असं मुलाने विचारलं तर त्याला आजीकडे पाठवा. दामल्यांचं १९११ चं ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ घरात असेल तर उंचावर ठेवा. जाडजूड आहे, पायावर पडेल.

एवढं निस्तरेपर्यंत मूल पहिलीत जातं आणि तिथे इंग्रजी सुरू होतं. पुढे कधीतरी ते ‘आय गोड’ म्हणेल. गोड मानून घ्या.