पातेगळ लागली हो जास्वंदीला!

जगात जर्मनी, भारतात परभणी, हे आपल्याला पाठ होतं. पण याच परभणीत माणसं केळ्याच्या सालीवरून भांडतील, असं कुणाच्या स्वप्नात तरी आलं होतं का? केळं खाऊन साल उकिरड्यावर टाकली, तर घरची बाई अशी बघते जणू पाटल्याच गटारात टाकल्या. का? तर जास्वंदीला पालाश हवं! सालींचं पाणी, कांद्याच्या टरफलांचं पाणी, चहाचा चोथा, आंबट ताक. आलेल्या पाहुण्याला तरी आपण कधी इतकं विचारलं होतं का हो?

आणि जास्वंद तरी कुठली? आजीच्या अंगणातली, पावसाळ्यात फांदी खोचली की निमूट फुटणारी, गणपतीला रोज लाल फूल देणारी ती गावठी? छे! आता कलमी हवी. फूल ताटलीएवढं, पाकळी पिवळी आणि पोटात मरून. हिची नुसती फांदी सहजी धरत नाही, म्हणून गावठीच्याच खुंटावर कलम बांधतात. राबायचं गावठीने, मिरवायचं हिने. एवढं करून फूल टिकतं किती? एक दिवस, फार तर दोन. त्यासाठी एका गृहस्थांनी म्हणे अर्ध्या दिवसाची रजा टाकली. कारणात काय लिहिलं, ते विचारायचं नाही.

माती हा तर वेगळाच तमाशा. आपली काळी माती भिजली की चिखल, वाळली की भेगा. कुंडीत कोंबली की पाणी तुंबतं, मुळं कुजतात. वर तिच्यात चुनखडी, म्हणजे लोह असूनही झाडाला मिळत नाही. पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. मग काय, ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या काळ्या रानाचा रुबाब, ते बागायतदार मुकाट्याने लाल मातीची पिशवी विकत घेऊन डिकीत दडवतात! आहे की नाही कहर?

त्यातून ही बया निघाली आपल्या कपाशीची आणि भेंडीची चुलत बहीण. फुलाच्या मधला तो दांडा बघा, खूण पटेल. पिठ्या ढेकूणसुद्धा तिघींच्या घरी हक्काने जेवतो. मग 1972 पासून ज्या गावात कृषी विद्यापीठ, तिथे प्रत्येक गच्चीवर एक शास्त्रज्ञ उगवणारच. कळ्या गळाल्या की इतर गावचे लोक हळहळतात, आपले लोक कमरेवर हात ठेवून निदान करतात, "पातेगळ आहे. पाणी कमी-जास्त झालं." दिवाळीला आलेला जावई कापसाचा भाव विचारत नाही. विचारतो, "मामा, शेंडे खुडले का?" आणि मामा खुडत नाहीत! फूल नव्या फुटीवर येतं, छाटल्याशिवाय फूट नाही, सगळं ठाऊक आहे. बोंडअळीने वावर खाल्लं तेव्हा न डगमगलेला हात इथे कात्री धरून थरथरतो.

मे महिन्यात पारा चव्वेचाळीसला टेकला की बघा. एरवी हिला पाच-सहा तास ऊन हवं म्हणून कुंड्या फिरवणारे आता हिरवी जाळी बांधतात. जाळीखाली जास्वंद, पत्र्याखाली आपण. नळ आला की पहिली बादली कुणाची? बोला ना!

एवढं जपूनही फूल बघायला मिळतं का? पाच वाजता कुंपणावरून एक आकडी अलगद आत येते. मागोमाग फिरायला निघालेलं एखादं सभ्य डोकं, कानटोपीसकट. हटकलं की उत्तर तयार, "देवाला हो!" वसमत रोडवर काय, जिंतूर रोडवर काय, सगळ्या देवांना एकाएकी कलमी जास्वंदच आवडू लागली आहे. काय ही निर्लज्ज माणसं!

आपल्या हातात पहाटे जी पिशवी असते, ती दुधासाठी. दूधवाला घरी येतो, ही गोष्ट वेगळी.