डाव्या सीटवरचे शिक्षण

ट्रकच्या केबिनमध्ये उजवीकडे बसतो तो ड्रायव्हर, आणि डावीकडे बसून त्याच्यापेक्षा जास्त वेळा ब्रेक दाबतो तो शिकाऊ. डावीकडे ब्रेक नसतो, ही गोष्ट अलाहिदा. मुंबईच्या उपनगरांत ही जमात घाटकोपर ते मुलुंडच्या एल.बी.एस. मार्गावर, अंधेरीच्या साकीनाक्यात आणि बोरिवलीपुढच्या दहिसर चेकनाक्यावर आढळते.

कायद्याने शिकाऊ होणेही सोपे नाही. 1988 च्या मोटार वाहन कायद्यानुसार मालवाहू गाडीसाठी वयाची 20 वर्षे पूर्ण लागतात आणि हलक्या गाडीचे लायसन्स निदान वर्षभर जुने लागते. आठवी पासची अट होती, ती 2019 मध्ये गेली आणि सातवीत मुक्काम ठोकलेल्या अनेकांना रस्ता मोकळा झाला. एकूण वजन 7,500 किलोच्या आत असलेली मालगाडी हलक्या लायसन्सवर चालवता येते, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये दिला. त्यामुळे बहुतेक शिकाऊ ‘छोटा हत्ती’वर हात बसवून येतात आणि मोठा ट्रक म्हणजे तीच गाडी, फक्त लांब, असे समजतात. हा समज पहिल्या रिव्हर्सपर्यंत टिकतो.

आता कंपनी. तिच्या पाटीवर पूर्वी शेठच्या वडिलांचे नाव आणि पुढे ‘रोडलाइन्स’ असे. नातू शिकून परतला की रोडलाइन्सचे ‘लॉजिस्टिक्स’ होते. गादी जाऊन फिरती खुर्ची येते, गोदाम भिवंडीला जाते, ऑफिस अंधेरीच्या काचेच्या इमारतीत जाते. ट्रक तोच राहतो. ड्रायव्हरला मात्र ‘पायलट’ म्हणू लागतात. साकीनाक्यात डोक्यावरून दर दोन-चार मिनिटांनी खरे पायलट जात असल्याने या पदवीचा आनंद फार वेळ टिकत नाही.

या बदलाला सरकारचाही हातभार आहे. 1 जुलै 2017 रोजी जीएसटी आला आणि मुंबईची जकात गेली. मुलुंडच्या जकात नाक्यावरच्या रांगेत जुने ड्रायव्हर झोप, दाढी, जेवण आणि प्रसंगी मुलीचे लग्न जुळवणे एवढी कामे उरकत. 1 एप्रिल 2018 पासून राज्याबाहेर जाणाऱ्या 50,000 रुपयांवरच्या मालाला ई-वे बिल लागू झाले, फेब्रुवारी 2021 मध्ये राष्ट्रीय महामार्गांच्या टोलनाक्यांवर फास्टॅग सक्तीचा झाला. कोणत्या खिडकीवर कोणाला कसा नमस्कार घालायचा, हे उस्तादाचे, म्हणजे शिकाऊला शिकवणाऱ्या जुन्या ड्रायव्हरचे, आयुष्यभराचे ज्ञान बाद झाले. तरीही तो ते शिकवतोच, कारण अभ्यासक्रम बदलल्याचे पत्र त्याला आलेले नाही.

शिकाऊला त्यामुळे दोन शाळा असतात. पहिली एचआरची. तिथे एसी खोलीत, पडद्यावर, रिकाम्या रस्त्यावरून जाणारा ट्रक दाखवतात. असा रस्ता मुंबईत कुठे आहे, हा प्रश्न विचारायचा नसतो. शेवटी चकाकते जॅकेट, एक अ‍ॅप आणि ‘सुरक्षा प्रथम’ असे छापलेला पेन मिळतो.

दुसरी शाळा उस्तादाची. तिथे पहिला धडा लोखंडी रॉडने टायर ठोकून आवाजावरून हवा ओळखण्याचा. दुसरा बिल्टी, आरसी, परमिट, पीयूसी कोणत्या क्रमाने पुढे करायचे याचा. तिसरा, खाली उतरून मागे उभे राहून ‘आने दो, आने दो’ ओरडण्याचा, यात ‘बस!’ कधी म्हणायचे एवढेच कौशल्य असते आणि ते भिंत शिकवते. चौथा माल उतरवताना वाराईवरून, म्हणजे हमालीवरून, घासाघीस करण्याचा. माथाडी कायदा 1969 चा आहे. घासाघीस त्याहून जुनी आहे.

प्रदूषणाच्या बीएस-6 निकषाच्या गाड्या एप्रिल 2020 पासून आल्या आणि प्रथमच उस्ताद व शिकाऊ एका बाकावर आले. नव्या ट्रकला डिझेलशिवाय युरियाची वेगळी टाकी असते. शेतीतला युरिया ट्रकने नेणे उस्तादाला ठाऊक होते, ट्रकनेच तो पिणे त्याला पटत नाही. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला की तो शिकाऊकडे पाहतो, शिकाऊ मोबाइलकडे. 1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या मध्यम व जड ट्रकांना एसी केबिन सक्तीची झाली आहे. उस्तादाच्या मते एसीत झोप येते. काच उघडी ठेवून एसी लावणे हा दोन पिढ्यांमधला तह होय.

स्टिअरिंग हाती येते ते रात्री, कारण गर्दीच्या वेळी शहरात जड वाहनांना बंदी असते. जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर मेट्रो 6 चे खांब, एल.बी.एस. मार्गावर मेट्रो 4 चे, मध्ये खड्डे आणि उलट्या दिशेने येणारी रिक्षा. याच वेळी अ‍ॅपवरून अंधेरीचे ऑफिस विचारते, गाडी थांबली का? उत्तर देण्यासाठी गाडी थांबवावी लागते.

शिकाऊ लायसन्स सहा महिने चालते आणि महिनाभराने परीक्षेला बसता येते. पास झाल्यावर मालवाहू गाडीचे लायसन्स पाच वर्षांचे मिळते. तेवढ्यात कंपनीची पाटी पुन्हा एकदा बदलण्यास पुरेसा अवधी असतो. कंपनीही शिकतच असते, पण तिच्या काचेवर तांबडा ‘एल’ लावण्याची सक्ती नाही.

वाचकांना विनंती एवढीच. तो ‘एल’ लावलेला ट्रक मुलुंडच्या एखाद्या गल्लीत रिव्हर्स घेताना दिसला, तर मागून हॉर्न वाजवू नये. ट्रकच्या पाठीवर ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहायलाही महाराष्ट्रात 2015 पासून बंदी आहे.