आमचे बारा, साडूंचे अठरा

मुलचेऱ्याच्या माणसाने विमानाची घाई करू नये. तालुक्यात रेल्वे नाही, आणि नागपूरचा विमानतळ गाठेपर्यंत एसटीत कंबर ढिली होते. पण आमचे साडू घाईचेच. सकाळी मालवणला स्कूबा, संध्याकाळी मोप्याहून विमान, रात्री नागपुरात सावजी, असा बेत त्यांनी आखला आणि तिकिटंही काढली. पैसे परत न मिळणारी.

सिंधुदुर्ग किल्ला पाहिला. शिवाजी महाराजांनी 1664 साली बांधायला घेतला, अजून उभा आहे. आमचा बेत दुपारपर्यंत टिकला नाही.

पाण्याखाली बायकोने माझा हात गच्च धरला होता. पट्टेरी माशांचा थवा समोर आला तशी तिने तो सोडला आणि दोन्ही हात पुढे केले. मुलचेऱ्यात पूर्व पाकिस्तानातून येऊन वसलेल्या बंगाली कुटुंबांची गावंच्या गावं आहेत. तिने आजवर मासे पाहिले ते तिथल्याच शेजारणीच्या विळीवर. इतकी हरखलेली मी तिला कधी पाहिली नव्हती. सांगावंसं वाटलं, पण तोंडात नळी होती.

साडूंचे फोटोत डोळे मिटलेले आले, म्हणून ते पुन्हा उतरले. वर आले तेव्हा साडेबारा वाजले होते. होडीवरच्या पोराने विचारलं, "तुमचा इमान कदी आसा?"

"आज संध्याकाळी."

"आज उडूचा नाय!"

हा प्रश्न पैसे घेताना मात्र कुणालाच सुचला नव्हता.

खाली दाबाची हवा ओढताना नायट्रोजन रक्तात आणि मांसात मुरतो. तो सावकाश बाहेर पडावा लागतो. विमानात हवेचा दाब कमी, जवळजवळ आठ हजार फुटांच्या डोंगरावर असतो तेवढा. तिथे त्याचे बुडबुडे होतात. मग सांधे ठणकतात, मुंग्या येतात, कधी अंग लुळं पडतं. म्हणून एकदाच बुडी मारली तर निदान बारा तास थांबायचं, एकाहून जास्त मारल्या तर अठरा.

"मी दहा-पंधरा मिनिटंच होतो ना बाप्पा!" साडू म्हणाले. ब्रिटिश शास्त्रज्ञ हॉल्डेनने बुड्यांचं कोष्टक 1908 साली बकऱ्यांवर प्रयोग करून मांडलं, हे मी मोबाइलवरून वाचून दाखवलं. त्रास होणारी बकरी पुढचा पाय उचलून धरायची.

"बकरीवरून माणसाचं ठरवते काय?" असं म्हणत त्यांनी गुडघा दाबून पाहिला. तीनदा.

मग त्यांना गाडीची कल्पना सुचली. रातोरात आंबोलीमार्गे! आंबोली साधारण 690 मीटर उंच, आणि दोन हजार फुटांच्या वर चढलात की हाच नियम. म्हणजे मागे समुद्र, पुढे सह्याद्री, मध्ये आम्ही. लॉजवाल्याने ताडलं आणि भाडं वाढवलं. पंखा मात्र तोच, घरघर करणारा.

नवीन तिकिटं मिळाली ती पहाटे साडेपाचची. आमचे बारा तास रात्रीच संपत होते, साडूंचे साडेसहाला.

"जा तुम्ही," साडू हुतात्म्याच्या चेहऱ्याने म्हणाले. कुणीतरी "नाही, नाही" म्हणावं म्हणून थांबले.

मेव्हणीने बॅग उचलली. "चला. यायले राहू द्या इथंच. फोटो पाहत बसतीन."